आणे, नवे पैसे आणि हिरवा ठिपका

परवा दोन दिवस माहेरी गेले होते. दारात चपला काढतानाच कळलं की घरात काहीतरी बिनसलंय. संजय (माझा धाकटा भाऊ) पेपर उघडून बसला होता पण वाचत नव्हता, सुवर्णा स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवत होती, आणि आमचे चिरंजीव ओम, इयत्ता सातवी, एरवी "आत्याऽऽ" करत अंगावर येणारे, ते आतल्या खोलीत पुस्तकात डोकं खुपसून बसलेले. ओम आणि एवढा अभ्यास, म्हणजे नक्कीच गडबड :)

गडबड अशी होती. ओमच्या शाळेत गेल्या वर्षीपासून गृहपाठ एका ॲपवर येतो. वहीत सोडवायचा, फोनने फोटो काढायचा, तो ॲपमध्ये जोडायचा आणि ‘डन’ दाबायचं. दाबलं की त्या गृहपाठापुढे हिरवा ठिपका येतो. सुवर्णा रोज रात्री विचारायची, "झाला का रे गृहपाठ?" तो फोन पुढे करायचा. ओळीने हिरवे ठिपके. ती निर्धास्त झोपायची. मग घटक चाचणीत गणितात वीसपैकी चार मिळाले, संजय शाळेत गेला, तेव्हा बाई म्हणाल्या की दोन महिने याने काहीच दिलेलं नाहीये. उघडून बघितलं तर खरंच. काहीही न जोडता नुसतं ‘डन’ दाबलं तरी ठिपका हिरवाच होतो, हा शोध आमच्या चिरंजीवांना जून महिन्यातच लागला होता. एका ठिकाणी तर वहीऐवजी जेवणाच्या डब्याचा फोटो होता. (हे मला मनातल्या मनात आवडलं, पण तेव्हा हसायची सोय नव्हती.)

संजयने ओमला दोन ठेवून दिल्या, आणि मग सुवर्णाला म्हणाला, "तू घरात असतेस, एवढं तुला बघता येत नाही?" ती काहीच बोलली नाही. रात्री भाकरी थापताना मला म्हणाली, "ताई, मला वाटलं हिरवं म्हणजे झालं. मी एकदा आत उघडून बघायला गेले होते, तर हा म्हणाला, आई, तुला नाही कळत त्यातलं. मग मी परत नाही बघितलं."

सुवर्णा बारावी झालेली आहे. घरचा हिशेब तिच्याकडे, बचत गटाचं रजिस्टर तिच्याकडे, बाबांच्या सात गोळ्या कुठली सकाळची कुठली रात्रीची ते तिच्याकडे. तिने ते ‘तुला नाही कळत’ इतक्या सहज खरं मानावं, याने मला त्या वीसपैकी चारपेक्षा जास्त टोचलं.

बाबा पलीकडे कॉटवर पडून सगळं ऐकत होते. वय वर्षं ऐंशी, पण कान शाबूत. ते म्हणाले, "यात नवीन काय आहे? अप्पांना तरी माझं कुठे कळत होतं?"

आणि मग जी गोष्ट निघाली ती रात्री साडेअकरापर्यंत चालली. नंतर पुण्याला परत आल्यावरही ती डोक्यातून जाईना. थोडं वाचलं, थोडं बाबांना फोनवर पुन्हा विचारलं. आमच्या घरातल्या तीन सातव्यांची ही गोष्ट आहे.

बाबा सातवीत होते १९५७ साली. तेव्हा सातवीची ‘फायनल’ म्हणजे मोठी गोष्ट होती. पोरगं फायनल पास झालं म्हणजे शिकलं, असा हिशेब. अप्पांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, बाजारपेठेत किराण्याचं छोटं दुकान होतं. शाळा फारशी नाही, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळी मुखोद्गत. साडेसहा आणे शेर, तर पावणेतीन शेराचे किती? अप्पा पुडी बांधता बांधता सांगायचे : एक रुपया, एक आणा, साडेतीन पैसे. मी हे कागदावर करून बघितलं. बरोबर आहे. मला कागद लागला, हेही सांगून टाकते.

या पाढ्यांना आता आपण पाठांतराची हौस म्हणून हसतो, पण ती त्या व्यवहाराची हत्यारं होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. सगळं पाव नि अर्ध्यात तुटणारं. मणाचे चाळीस शेर, शेराचे ऐंशी तोळे. जगच पाव-अर्धं-पाऊणमध्ये चालायचं, म्हणून शाळाही तेच शिकवायची. आणि म्हणून बाप, शाळेत गेलेला असो नसो, पोराचं गणित तपासू शकायचा.

१ एप्रिल १९५७ ला हे बदललं. रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. वर्षा-दीड वर्षाने, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि १९६२ पर्यंत मण-शेर कायद्याने गेले. शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. म्हणजे किलोपेक्षा जरासा कमी, गिऱ्हाइकाशी भांडण व्हायला अगदी बेताचा.

बाबा सांगतात, त्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकात अजून आणेच होते आणि मास्तर फळ्यावर नवे पैसे शिकवत होते. दशांश अपूर्णांक आधीही होते पुस्तकात, पण ते पुस्तकातच. आता ते एकदम खिशात आले. बाबा घरी उदाहरणं सोडवायला बसले की अप्पा चष्मा पुसून बघायचे आणि विचारायचे, "हा ठिपका कशाला?" बाबांना ते समजावून सांगता यायचं नाही. बारा वर्षांचं पोर ते. एक दिवस वैतागून म्हणाले, "अप्पा, तुम्हाला नाही कळत ते."

अप्पांनी तिथल्या तिथे एक ठेवून दिली. (दोन पिढ्यांनंतरही आमच्या घरातली अध्यापनपद्धती बदललेली नाही, असो.) पण बाबा म्हणतात, त्यानंतर अप्पांनी वहीत डोकावणं बंद केलं. दुकानावर मात्र त्यांनी पंधरा दिवसांत सगळं शिकून घेतलं.

हे ‘दुकानावर शिकले’ म्हणजे कसं शिकले, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. सरकारने कोष्टकं छापली होती : एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. अप्पांनी असं एक कोष्टक तराजूच्या मागे खिळ्याला अडकवलं होतं. ते बघितलं की लगेच लक्षात येतं की यात मेख आहे. आणा आणा करून चार वेळा मोडलात तर चोवीस येतात, एकदम पावली मोडलीत तर पंचवीस. त्या एका नव्या पैशावरून बाजारात रोज हुज्जत. पण हुज्जत घालायला का होईना, म्हातारीसुद्धा ते कोष्टक बोट लावून वाचून घ्यायची. आणि दुसरं म्हणजे खुद्द नाण्यावर लिहिलेलं असायचं. एका नव्या पैशावर ‘रुपये का सौवां भाग’, दहावर ‘रुपये का दसवां भाग’. जुन्या नाण्यांच्या बरोबरीने ही नवी नाणी चालायची होती, तेव्हा गोंधळ होणार हे धरूनच ती पाडली होती. हे ‘नवे’ १९६४ मध्ये गळलं आणि नुसता पैसा राहिला, कारण तोवर लोकांच्या हातात ते बसलं होतं.

अप्पांची रोकडवही मोडीत होती. पण बाळबोध त्यांना वाचता यायचं, हिंदी तेवढं समजायचं. नाण्याने त्यांना सांगितलं. वहीने नाही सांगितलं. बाबांच्या गणिताच्या वहीवर कोणी लिहिलं नव्हतं की हा ठिपका म्हणजे काय.

आता माझी सातवी, १९८४-८५.

त्या वर्षी आमच्या शाळेत टीव्ही आला. लाकडी कपाटात, दोन दारांचा, आणि त्याला कुलूप. किल्ली हेडमास्तरांच्या कमरेला. पुण्यात १९८४ मध्येच बालचित्रवाणी सुरू झाली होती, शाळेच्या मुलांसाठी मराठी कार्यक्रम करणारी. (माझ्या वयाच्या मंडळींच्या कानात तिची ती सुरुवातीची धून अजून असेल. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली तेव्हा माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना ती तोवर चालू होती हेच माहीत नव्हतं.) आम्ही सतरंजीवर बसून बघायचो. मुंग्या जास्त, चित्र कमी, तरी मजा यायची. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "शाळेत सिनेमे दाखवायला लागले काय?" त्यांनी तो टीव्ही कधी पाहिलाच नाही. पालकांनी शाळेत यायचं ते फक्त दोनदा, प्रवेशाला आणि तक्रारीला.

याच्या नऊ वर्षं आधी याच देशात अगदी उलटा प्रयोग झाला होता, हे मला फार उशिरा कळलं. ‘साइट’ नावाचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचवला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटर रुंद डिश. महाराष्ट्र त्यात नव्हता. आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान. यातली मला भावलेली गोष्ट म्हणजे सकाळी त्याच टीव्हीवर शाळेच्या मुलांचे कार्यक्रम असायचे आणि संध्याकाळी त्याच टीव्हीसमोर सगळं गाव बसायचं, शेती नि आरोग्याचं बघायला. म्हणजे पोरगं सकाळी कशासमोर बसतं हे आईने संध्याकाळी स्वतः बघितलेलं असायचं. कोणी ‘पालक प्रबोधन’ असं नाव दिलं नव्हतं त्याला. पण आमच्या कुलपाच्या कपाटापेक्षा ते कितीतरी बरं.

माझी आतेबहीण पुण्यात होती, तिच्या शाळेत तर कॉम्प्युटर आला! १९८४ मध्येच केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढली आणि पहिल्या फेरीत देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो दिले. मेमरी ३२ केबी. आज ओमने काढलेला डब्याचा एक फोटोसुद्धा त्यात मावला नसता. आतेबहीण सांगायची, चपला बाहेर काढायच्या, खोलीला पडदे, आणि बाईंनी हात लावायचा, आपण बघायचं. देवघरच. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आत्याने, एकदा पालकसभेला गेल्यावर "आम्हाला बघता येईल का?" विचारलं तर "धूळ जाते" असं उत्तर मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा पालकांना कळून तरी काय फरक पडणार होता? खरं आहे, फारसा नाही पडला, कारण मार्क अजून त्या यंत्रात गेले नव्हते. मार्क प्रगतिपुस्तकात होते, आणि प्रगतिपुस्तक हे साधन आमच्या बाबांना नीट माहीत होतं. लाल शाई म्हणजे नापास. सही म्हणजे मी पाहिलं.

कबूल करून टाकते. सातवीच्या सहामाहीला मला गणितात शंभरपैकी ३१ होते आणि प्रगतिपुस्तकावरची बाबांची सही मी केली होती. बाबांची सही म्हणजे एक वेलांटी आणि पुढे घसरत गेलेली रेघ. मी ती इतकी सुवाच्य काढली की तिथेच फसले. पण गुरुजींनी काही सहीवरून ओळखलं नाही. ते शनिवारच्या बाजारात मेथीची जुडी घेताना बाबांना भेटले आणि सहज म्हणाले, "मुलीचं गणित जरा बघा." झालं! गुरुजी आमच्या मागच्याच आळीत राहायचे. शाळा आणि घर यांच्यामध्ये मेथीच्या जुडीएवढंच अंतर होतं. ओमच्या बाई चाळीस किलोमीटरवरून येऊन-जाऊन करतात, त्यांना बाजारात कोण भेटणार? मधली ती जागा आता फोनच्या पडद्याला भरून काढायची आहे, आणि पडदा मेथी घेताना सहज काही बोलत नाही.

मधली वर्षं भराभर सांगते. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, एमएससीआयटीचा कोर्स गावोगाव गेला आणि सरकारी नोकऱ्यांना तो लागायला लागला. महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी पहिल्यांदा माऊस धरला तो या कोर्सात. संजयही त्यातलाच. त्याचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर आहे. वर्डमध्ये अर्ज कसा करायचा, एक्सेलमध्ये बेरीज कशी करायची, सगळं तो शिकला. म्हणजे आजचा सातवीचा बाप ही काही कॉम्प्युटर न बघितलेली पिढी नाही. पण ते शिक्षण नोकरीसाठी होतं. पोराचा वर्ग त्या यंत्रात गेला तर तिथे जाऊन मागच्या बाकावर कसं बसायचं, हे कोणाच्याच अभ्यासक्रमात नव्हतं. माझी खात्री आहे, संजयने ते ॲप एकदाही उघडलं नव्हतं. ‘तू घरात असतेस’ म्हणणं सोपं होतं.

२०१५ च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळांत एक वेगळीच लाट आली. प्रोजेक्टर, टॅब, ‘डिजिटल शाळा’च्या पाट्या. पुष्कळ ठिकाणी पैसा लोकवर्गणीचा. याची टर उडवणारे खूप होते आणि बंद पडलेले प्रोजेक्टर मीही बघितलेत. पण एक गोष्ट त्यात होती. ज्याने पाचशे रुपये दिलेत तो बघायला येतोच. नारळ फोडायला येतो, मग मागे उभा राहून पाच मिनिटं धडाही बघतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडायला सुरुवात केली ती याच काळाच्या मागेपुढे. पुढे २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरमधला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिला, हे आपण सगळ्यांनी वाचलंच. ५ सप्टेंबर २०१७ ला केंद्राचं ‘दीक्षा’ सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांवर ते काळे-पांढरे चौकोन आले.

आणि मग मार्च २०२०. त्या दिवसांबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी एकच सांगते. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झालं. दोन वर्षांत दीडपटीहून जास्त! हे फोन लोकांनी कसे घेतले ते आपल्याला माहीत आहे. सुवर्णाने बचत गटातून कर्ज काढलं. सकाळी दहाला धडा यायचा आणि फोन संजयबरोबर कामावर, तो संध्याकाळी सातला परत. तेव्हा पहिलीतला-दुसरीतला ओम त्या फोनवर बोट फिरवायला शिकला, आणि पुढे घरात सगळेजण त्यालाच विचारायला लागले. तोच घरचा दुभाषा. आता दुभाष्याचंच प्रकरण कोर्टात असेल तर तो कसं भाषांतर करणार, तुम्हीच सांगा :)

तर, दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुवर्णाबरोबर बसले. खरं म्हणजे मी काही शिकवलंच नाही. म्हटलं, तू वही कशी तपासतेस? म्हणाली, तारीख बघते, बाईंची सही बघते, लाल खुणा बघते, पानं फाडलीत का बघते. म्हटलं, मग यात तारीख कुठे आहे शोध. सापडली. बाईंचा शेरा कुठे आहे शोध. तोही सापडला, दोन टिचक्या आत. बाईंनी तीन वेळा ‘फोटो जोडलेला नाही’ असं लिहिलेलं होतं. मराठीत! ती ते वाचून बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "हे माझ्यासाठीच लिहिलं होतं की."

मग तिनेच सुचवलं, बाकीच्या बायकांनाही बोलवूया. वर्गशिक्षिका बिचाऱ्या लगेच तयार झाल्या, त्यांनाही हेच हवं होतं. शनिवारी दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, नऊ आया आणि एक आजोबा जमले. काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात रात्रशाळा काढली ती १८५५ साली. एकशे सत्तर वर्षं झाली. मला त्या दुपारी सारखी तिची आठवण येत होती, कारण बाकावर बसताना त्या नऊ जणींनी पदर नि ओढण्या ज्या तऱ्हेने सावरल्या ना, त्यात ‘आपण इथे बसायचं का?’ असं होतं.

प्रश्न मात्र एकेक नामी. एकीच्या मुलीची शाळा दुसरी, तिथे गूगल क्लासरूम वापरतात. तिला तिथला ‘रिटर्न्ड’ हा शब्द म्हणजे साभार परत वाटत होता, आणि दर वेळी ती मुलीला रागवत होती. अहो, त्याचा अर्थ बाईंनी तपासून वही परत दिली! ‘मिसिंग’ वाचून आजोबा दचकले होते, पोरगा हरवला की काय म्हणून. हे हसण्यावारी नेलं आम्ही, पण विचार करा, ‘सौवां भाग’ असं नाण्यावर लिहिण्याइतकी कोणी काळजी घेतली असती तर या मुलीची महिनाभराची बोलणी वाचली असती. गूगल क्लासरूममध्ये पालकांना ईमेलने सारांश पाठवायची सोय २०१६ पासून आहे, काय राहिलंय नि कशाची तारीख जवळ आलीय ते त्यात येतं. शाळेने ती चालू करावी लागते आणि पालकाने आलेलं निमंत्रण स्वीकारावं लागतं. प्रत्यक्ष वर्ग त्यातून दिसत नाही, पण सुरुवात म्हणून वाईट नाही. मी हे उत्साहाने सांगितलं, तर कळलं की नऊपैकी सहाजणींचं ईमेल मोबाईलच्या दुकानदाराने काढून दिलेलं आहे आणि पासवर्ड त्यालाच माहीत. घ्या! पुढचा अर्धा तास पासवर्ड बदलण्यात गेला. त्या दिवसातलं सगळ्यात उपयोगी काम बहुतेक तेच झालं.

क्यूआर कोडबद्दल एकीने विचारलं, माझ्या फोनचा कॅमेरा फुटलाय, मग आमच्या पोराने काय करायचं? त्या चौकोनाखाली सहा अक्षर-अंकांचा कोड छापलेला असतो, तो ‘दीक्षा’मध्ये टाइप केला तरी तोच धडा उघडतो. लॉगिनही लागत नाही, पाहुणा म्हणून बघता येतं. आणि पुस्तक हरवलं तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवून घेता येतं. हे तिला सांगितल्यावर तिने ओमच्या पुस्तकातला एक कोड स्वतः टाइप करून बघितला. अपूर्णांकांचा धडा होता. तिने तो सगळा, शेवटपर्यंत, तिथेच बसून बघितला. मुलासाठी नव्हे हो, स्वतःसाठी. कोणी तिला थांबवलं नाही.

ओमला सुवर्णाने मुद्दाम बरोबर आणलं होतं. ‘काही न जोडता हिरवा ठिपका’ हे प्रात्यक्षिक त्याच्याकडूनच करून घेतलं, सगळ्यांसमोर. कान लाल झाले होते त्याचे. पण त्याने ते व्यवस्थित समजावून सांगितलं, आणि आजोबांनी दोनदा विचारलं तर दोनदा सांगितलं. ‘तुम्हाला नाही कळत’ म्हणाला नाही. आता घरी नियम असा आहे की ठिपका दाखवायचा नाही, आतला फोटो उघडून दाखवायचा. संजयनेही ॲप स्वतःच्या फोनवर घेतलंय. बोलला काही नाही, पण घेतलंय.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून सुटली नाही. निघता निघता सुवर्णा म्हणाली, "ताई, मागच्या वर्षी शाळेने एका कागदावर सही घेतली होती, ते अपार आयडीचं. संमती म्हणून. सही करा एवढंच सांगितलं. मी केली. प्रगतिपुस्तकावर करतो तशी. मी नेमकी कशाला संमती दिली?" मी तिला जेवढं माहीत आहे तेवढं सांगितलं : प्रत्येक विद्यार्थ्याचा एक कायमचा क्रमांक, त्याला गुण आणि दाखले जोडले जातात, आधारशी सांगड असते, आणि संमतीपत्र म्हणजे नाही म्हणायचीही सोय असते. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "आणि त्या हिरव्या ठिपक्यांचं? याने दोन महिने लबाडी केली ते त्या ॲपमध्ये किती वर्षं राहणार? कोण कोण बघणार? तुझ्या ३१ मार्कांचं प्रगतिपुस्तक तर बाबांनी बंबात घातलं."

याचं उत्तर मला देता आलं नाही. आम्ही दोघींनी मिळून मराठीत एक साधं पत्र लिहिलंय शाळेला, चार ओळींचं. खाली नऊ आयांच्या सह्या आहेत, आणि आजोबांनीही आग्रहाने केली. पुढची पालकसभा पंधरा दिवसांनी आहे. सुवर्णा जाणार आहे, मला म्हणाली तू नको येऊस, मी विचारते.